'तुम्ही इथे आहात' हा निळा ठिपका

सातव्या मजल्यावर लिफ्टच्या समोरच्या भिंतीला मी काढलेला, आग लागली तर बाहेर पडण्याच्या वाटा दाखवणारा नकाशा लावलेला होता. मॉक ड्रिलचा अलार्म वाजला आणि अकाउंट्समध्ये तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेली एक मुलगी त्या नकाशासमोर येऊन थांबली. नेहमीच्या जिन्याला फायर वॉर्डनने मुद्दाम दोरी बांधून "इथे धूर आहे" अशी पाटी अडकवली होती. म्हणजे दुसरा जिना शोधणं भाग होतं. तिने नकाशा बोट ठेवून वाचला. हिरवा बाण कागदावर उजवीकडे जात होता, म्हणून ती उजवीकडे गेली. तिच्या मागोमाग आणखी सहाजण गेले. पुढे सर्व्हर रूमचं बंद दार होतं आणि त्यापुढे नुसती भिंत.

मी तिथेच स्टॉपवॉच घेऊन उभी होते. ती परत आली आणि तिने सरळ विचारलं, "मॅडम, जिना याच बाजूला दाखवलाय ना?"

जिना होता तिथेच दाखवला होता. मोजमापं बरोबर होती, खुणा बरोबर होत्या. पण नकाशा उत्तर दिशा वर धरून छापलेला होता आणि त्या भिंतीसमोर उभं राहिलं की वाचणाऱ्याचं तोंड दक्षिणेकडे होतं. कागदावरची उजवी बाजू म्हणजे पूर्व, आणि पूर्व तिच्या डाव्या हाताला होती. खरा धूर असता तर माझ्या नकाशाने सात माणसं आंधळ्या पॅसेजमध्ये नेऊन सोडली असती. त्या दिवशी घरी जाऊन मी त्या इमारतीच्या सगळ्या शीट्स पुन्हा उघडल्या. एकूण चव्वेचाळीस जागा होत्या, त्यातल्या एकोणीस जागांवरचा नकाशा वाचणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेशी जुळत नव्हता. मी मजल्याचा एक नकाशा काढला होता आणि तोच मजल्यावर सगळीकडे लावायला दिला होता, फक्त 'तुम्ही इथे आहात' हा निळा ठिपका प्रत्येक जागेसाठी सरकवून.

मी ड्राफ्ट्समन, म्हणजे इमारतींची ड्रॉइंग्ज काढणारी, म्हणून काम सुरू केलं. आमच्या कामात उत्तर वर असते, शीट आडवी असते आणि ड्रॉइंग वाचणारा माणूस टेबलावर कागद पसरून सावकाश वाचतो. ती सवय हातात इतकी मुरलेली असते की भिंतीवरच्या नकाशाचा वाचक वेगळा असतो हे लक्षातच येत नाही. तो उभा असतो, घाईत असतो, आणि कागदावरची 'वरची' बाजू त्याच्यासाठी 'समोरची' असते. डोक्यात नकाशा फिरवून बघायला शांतपणा लागतो. तो त्या वेळी कुणाकडेच नसतो.

मार्व्हिन लेव्हिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'तुम्ही इथे आहात' प्रकारच्या नकाशांवर १९८२ मध्ये लिहिलं होतं आणि दोन वर्षांनी सहकाऱ्यांबरोबर प्रयोगही केले. नकाशा तोंडाच्या दिशेशी जुळत नसेल तर माणसं चुकीच्या बाजूला जातात, हे त्यांनी दाखवलं. मला हे ड्रिलनंतर वाचायला मिळालं. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही मनापासून वाटतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. प्रत्येक भिंतीचा नकाशा वेगळा. चार दिशांच्या चार भिंती असतील तर चार वेगवेगळ्या फिरवलेल्या शीट्स, आणि फिरवल्यानंतर आतली सगळी अक्षरं पुन्हा सरळ करायची. हे काम कंटाळवाणं आहे. नुसतं ड्रॉइंग फिरवलं तर 'जिना २' हे शब्द उलटे होतात, बाणांवरच्या खुणा आडव्या पडतात आणि धावणाऱ्या माणसाची खूण चक्क डोक्यावर उभी राहते. ती खूण डावीकडे धावणारी आणि उजवीकडे धावणारी अशा दोन प्रकारांत येते, तेव्हा शीट फिरली की कुठली वापरायची तेही पुन्हा ठरवावं लागतं. छपाईवाल्याला एकच फाइल देऊन चाळीस प्रती काढून घेणं सोपं असतं. म्हणूनच बहुतेक इमारतींत तसं झालेलं दिसतं. तुम्ही ऑफिसमध्ये असाल तर उठून जवळच्या नकाशासमोर उभं राहून बघा. कागदावर वर जे आहे ते खरंच तुमच्या समोर आहे का?

*

आता काम हातात आलं की मी कॉम्प्युटर उघडत नाही. आधी चालते. हातात जुन्या ड्रॉइंगची प्रिंट, लाल पेन आणि मोजायची टेप. सोबत सिक्युरिटीचा किंवा हाउसकीपिंगचा माणूस हवा. फॅसिलिटी मॅनेजरला इमारत माहीत असते, पण कुठलं दार कधी अडकतं हे झाडणाऱ्या मावशींना माहीत असतं. एकदा एका मावशींनी मला मागचा जिना दाखवताना सांगितलं, "ताई, आत जा खुशाल, पण दार ओढू नका हां. जिन्याच्या बाजूने ते उघडत नाही, पार खालीच उतरावं लागतं." त्यांचं म्हणणं अगदी खरं निघालं. जिन्यात शिरल्यावर खालच्या एखाद्या मजल्यावर धूर भेटला तर परत मजल्यावर यायला वाट नव्हती. ड्रॉइंगमध्ये हे कुठेच दिसत नाही. दार म्हणजे तिथे एक रेघ आणि एक पाव वर्तुळ.

म्हणून बाहेर पडण्याच्या वाटेवरचं प्रत्येक दार मी स्वतःच्या हाताने ढकलते. ते बाहेरच्या बाजूला उघडतं का, किल्ली किंवा कार्ड लागतं का, वीज गेली तर कार्डचं कुलूप सुटतं का, दारामागे काही ठेवलंय का, हे बघते. जिन्याच्या लँडिंगवर कागदाचे खोके आणि जुन्या खुर्च्या नसलेली इमारत मी क्वचितच पाहिली आहे. अशा वाटेवर हिरवा बाण काढायला मी सरळ नकार देते. आधी खोके हलवा, फोटो पाठवा, मग बाण. यावरून भांडणंही झाली आहेत. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की नकाशा तपासणीपुरता हवा आहे, खोके नंतर बघू. मी ते काम सोडलं.

न्यू यॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ माणसं गेली, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावर जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. त्या मजल्याचा नकाशा काढला असता तर त्यावर दोन जिने दिसले असते आणि तो नकाशा खोटा ठरला असता. मी दार ढकलते तेव्हा बऱ्याचदा हाच मजला डोळ्यांपुढे येतो.

दोन वाटा आहेत एवढ्याने भागत नाही. त्या एकमेकींपासून पुरेशा लांब हव्यात, नाहीतर एकाच धुरात दोन्ही जातात. अमेरिकेतल्या नियमांत यासाठी एक सोपा हिशोब आहे. दोन दारांमधलं अंतर त्या जागेच्या सर्वांत लांब कर्णाच्या निम्म्यापेक्षा कमी नको, आणि सगळीकडे स्प्रिंकलर, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणारे नळ, असतील तर एक तृतीयांशापेक्षा कमी नको. मजला चाळीस मीटर बाय तीस मीटरचा असेल तर कर्ण पन्नास, म्हणजे दारं किमान पंचवीस मीटर लांब. नकाशा काढताना पट्टी लावून हे दोन मिनिटांत कळतं. दोन जिने एकाच लॉबीत शेजारी शेजारी उघडत असतील तर नकाशा कितीही सुबक काढा, त्याने ती अडचण सुटत नाही. अशा वेळी मी तसं लेखी कळवते आणि ते पत्र जपून ठेवते.

माणसं आली त्या वाटेनेच बाहेर जातात. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबला आग लागली आणि १०० माणसं मेली. बाहेर पडायला दुसरी दारंही होती, पण बरेचजण ज्या पुढच्या दाराने आत आले होते तिकडेच धावले आणि तिथे माणसांचा ढीग झाला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांनी आयल ऑफ मॅनमधल्या १९७३ च्या समरलँड आगीचा अभ्यास करून हेच सांगितलं होतं. संकटात माणूस ओळखीच्या जागेकडे आणि ओळखीच्या माणसांकडे ओढला जातो. त्या आगीत ५० जण गेले.

मी यातून माझ्या कामापुरतं एक ठरवलं. मुख्य दाराची वाट लोकांना ठाऊकच असते. नकाशाने दुसरी वाट दाखवायची असते. म्हणून शीटवर दुसऱ्या वाटेचा बाण मी तितकाच जाड ठेवते आणि तिच्या वळणांवर ओळखीच्या खुणा लिहिते. 'प्रिंटरची खोली', 'पँट्री', 'निळी काच'. 'कॉरिडॉर सी' हे नाव ड्रॉइंगमध्ये असतं, लोकांच्या तोंडी कधीच नसतं. कुठली जागा लोक काय नावाने ओळखतात हे मी जागेवर विचारून लिहून घेते.

*

भिंतीवरच्या अशा नकाशांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २३६०१. ते २००९ मध्ये आलं आणि २०२० मध्ये सुधारलं गेलं. त्याप्रमाणे बाहेर पडण्याच्या वाटा हिरव्या, आग विझवण्याची साधनं लाल, आणि वाचणाऱ्याची जागा निळी. खुणा आयएसओ ७०१० या सुरक्षेच्या खुणांच्या मानकातल्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी त्याच. मी हे मानक नवख्या मुलांना मुद्दाम वाचायला लावते, कारण ड्राफ्ट्समनचा हात सजावटीकडे फार लवकर वळतो. कंपनीच्या लोगोचे रंग नकाशात वापरू या का, असं मला दरवेळी कुणीतरी विचारतं. नाही. लाल-हिरव्यात फरक न कळणारी माणसं प्रत्येक मोठ्या ऑफिसात असतात. त्यांच्यासाठी रंगासोबत आकारही वेगळा हवा. माझ्या शीटवर बाण हिरवा तर असतोच, शिवाय काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही वाचता येतो. प्रत्येक शीट मी आधी काळी-पांढरी छापून बघते.

आणि कमी काढा. खुर्च्या, टेबलं, झाडांच्या कुंड्या, टाइल्सच्या रेघा, सगळं पुसा. मूळ फाइलमध्ये एकावर एक असे ड्रॉइंगचे वीस-पंचवीस थर, म्हणजे लेयर असतात, मी त्यातले चार-पाच ठेवते. भिंती, दारं, जिने, साधनं, नावं. लिफ्ट दाखवायची, कारण ती ओळखीची खूण आहे, पण तिच्याकडे बाण जाणार नाही आणि आगीत तिचा वापर करू नका अशी खूण तिथेच.

धावणाऱ्या हिरव्या माणसाच्या त्या खुणेमागेही मृत्यू आहेत. जपानमध्ये १९७२ साली ओसाकातल्या सेन्निची इमारतीच्या आगीत ११८ माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी कुमामोतोमध्ये एका डिपार्टमेंट स्टोअरला भीषण आग लागली. बाहेर पडण्याच्या दाराची खूण वाचता न येणाऱ्यालाही कळावी, धुरातूनही ओळखू यावी, म्हणून तिथे त्या दशकाच्या अखेरीस स्पर्धा घेण्यात आली. तिच्यातून आलेल्या कल्पनेवर डिझायनर युकिओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं आणि पुढे ती खूण आंतरराष्ट्रीय झाली. इतक्या लोकांनी इतका विचार करून ठेवलेली गोष्ट सोडून कुणी स्वतःची 'सुंदर' खूण काढली की मला खरंच वाईट वाटतं.

*

नकाशा कुठे लावायचा याचं उत्तर इंटिरिअरवाले देतात ते असं की जिथे नजरेला खुपणार नाही तिथे. मी उलट सांगते. माणूस जिथे आपोआप थांबतो तिथे लावा. लिफ्टची वाट बघताना, प्रिंटरपाशी, पाण्याच्या मशीनपाशी, मीटिंग रूमच्या आत दाराशेजारी. मीटिंग रूम तर विसरूच नका, कारण इमारतीत पहिल्यांदाच आलेली माणसं तिथेच बसलेली असतात. उघडलं की भिंतीवर टेकणाऱ्या दारामागे नकाशा लावला तर तो दार बंद असतानाच दिसतो. ही चूक मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिली आहे. चकचकीत काचेची फ्रेम समोरच्या खिडकीचा उजेड परावर्तित करते आणि दुपारी नकाशाऐवजी आकाश दिसतं. मॅट फिनिश घ्या. मोठ्या जागेसाठी शीट ए-थ्रीपेक्षा लहान नको, एखाद्या खोलीच्या आत ए-फोर चालते.

अंधारात चमकणाऱ्या शीट्सबद्दल थोडं सांगायलाच हवं. न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ चा स्फोट झाला तेव्हा वीज गेली आणि माणसं धुराने भरलेल्या अंधाऱ्या जिन्यांतून तासन्‌तास उतरत होती. त्यानंतर तिथल्या जिन्यांत चमकणाऱ्या पट्ट्या आणि बॅटरीवर चालणारे दिवे बसवले गेले, आणि २००१ मध्ये त्यांचा उपयोग झाला. हे पदार्थ उजेड शोषून घेतात आणि अंधारात तो सोडतात. पण आता कितीतरी ऑफिसांच्या पॅसेजमध्ये सेन्सरचे दिवे असतात. माणूस आला की लागतात, गेला की विझतात. सुटीच्या दिवशी किंवा रात्री त्या शीटवर तासन्‌तास उजेडच पडत नाही. मग ती चमकणार कशाने? एका इमारतीत रात्री साडेअकराला मी मुद्दाम मेन स्विच पाडायला लावला. पाचव्या मजल्यावरचे नकाशे मंद हिरवे दिसत होते, आणि सेन्सर असलेल्या सहाव्या मजल्यावर हाताला लागेपर्यंत भिंत कळत नव्हती. तिथे नकाशाच्या वर एक छोटा दिवा कायम चालू ठेवायचं ठरलं.

उंचीचं मला एका सहकाऱ्याने शिकवलं. तो व्हीलचेअर वापरतो. मी माझ्या डोळ्यांच्या रेषेत नकाशा लावला होता. तो खाली थांबला, मान वर केली आणि म्हणाला, "मला वरच्या अर्ध्या भागात फक्त ट्यूबलाइटची चमक दिसतेय." नकाशा खाली आला. मग त्याने जिन्यापर्यंत जाणाऱ्या बाणावर बोट ठेवलं. "आणि हा बाण माझ्यासाठी इथे संपतो. पुढे काय?"

पुढे काय, हे माझ्या शीटवर नव्हतं. आगीपासून सुरक्षित राहील अशी थांबण्याची जागा त्या इमारतीत होती. जिन्याच्या लँडिंगला लागूनच, फायर डोअरच्या आत, खाली कंट्रोल रूमशी बोलायला फोनही होता. जिना उतरवायची खास खुर्ची तिसऱ्या मजल्यावर कपाटात होती आणि ती कशी उघडायची हे दोघांनाच ठाऊक होतं. नकाशावर यातलं काहीच दाखवलेलं नव्हतं. आता ती जागा आणि खुर्ची दोन्ही प्रत्येक शीटवर असतात, आणि मजल्यावर तसं कुणी नसलं तरी असतात. पाय मोडून प्लास्टर घातलेला माणूस, आठव्या महिन्यातली बाई, दम्याचा त्रास असलेला पाहुणा, यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसासाठी मात्र भिंतीवरचा कागद पुरत नाही. त्याच्यासोबत दोन्ही वाटा चालाव्या लागतात, रेलिंगला हात लावत, पायऱ्या मोजत, एकापेक्षा जास्त वेळा.

बाहेर जमण्याच्या जागेबद्दल थोडक्यात. ती फायर ब्रिगेडच्या गाडीच्या वाटेत नको आणि काचेच्या दर्शनी भिंतीच्या खाली तर नकोच. नकाशाच्या कोपऱ्यात इमारतीभोवतीचा छोटा नकाशा काढून ती दाखवा, आणि तो छोटा नकाशाही मोठ्याच्याच दिशेने फिरवा.

*

माझा सगळ्यात मोठा झगडा जुन्या कागदांशी आहे. ऑफिसं सतत बदलतात. एक पार्टिशन उभं राहतं, एक केबिन वाढते आणि सरळ वाटेला वळण येतं. पार्टिशन करणाऱ्यांना नकाशा आठवत नाही. म्हणून जिथे माझं ऐकलं जातं तिथे मी काम सुरू करण्याच्या परवानगीच्या फॉर्मवरच एक ओळ घालून घेतली आहे. या कामामुळे कोणत्या क्रमांकाच्या शीट्स बदलतील? प्रत्येक शीटच्या खालच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक आणि तारीख असते. नवीन लावताना जुन्या मोजून परत घेते. चव्वेचाळीस लावल्या तर चव्वेचाळीस उतरलेल्या हातात यायला हव्यात. एकदा त्रेचाळीसच आल्या. शेवटची एका स्टोअर रूममध्ये कपाटाच्या बाजूला सापडली, दोन वर्षांपूर्वी भिंत घालून बुजवलेल्या दाराकडे बाण दाखवत.

लावून झाल्यावर मी एक चाचणी घेते. इमारतीशी संबंध नसलेलं कुणीतरी बोलावते, कुरिअरवाला किंवा मुलाखतीला आलेला उमेदवारही चालतो, अर्थात त्याची हरकत नसेल तर. नकाशासमोर दहा सेकंद, मग डोळे मिटायचे आणि हाताने दाखवायचं की कुठल्या बाजूला जाणार. हात चुकला तर शीट चुकली. माणसाला दोष द्यायचा नाही. त्या सातव्या मजल्यावर नवीन शीट लागली तेव्हा मी त्याच मुलीला बोलावलं होतं. तिने डोळे मिटून डावा हात उचलला, आणि मग आम्ही दोघी त्या वाटेने खालपर्यंत चालत गेलो. जिन्याच्या तळाशी दार जड होतं, तिला दोन्ही हात लावावे लागले. तेही मी लिहून घेतलं.

आज सकाळी पाचव्या मजल्यावरून फोन आला, पार्टिशनचं काम सुरू होतंय. शीट क्रमांक ५-०३ उतरवून आणली आहे. नवीन छापून येईपर्यंत तिच्या जागी हाताने काढलेला कागद लावलाय, जाड हिरव्या स्केचपेनने, दक्षिण वर धरून. उद्या टेप घेऊन पुन्हा जायचंय, पार्टिशनचं दार कुठल्या बाजूला उघडतंय ते अजून सुताराने ठरवलेलं नाही.